मुठीचा पहारा

अरबी समुद्रावरचे ढग पांढरे करायचं काम सरकारने माझ्याकडे दिलं, त्याला या मेमध्ये तीन वर्षं झाली. माझं नाव वैजयंती पोपट शेलार. लग्नानंतरही मी वडिलांचंच नाव लावते, आणि हे आबांना आवडतं की नाही ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. हुद्दा म्हणाल तर केंद्रप्रमुख, मेघकेंद्र, वेळसर, जिल्हा रत्नागिरी. लेटरहेडवर फार भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात मी झोपाळू माणसांना जागं ठेवायची नोकरी करते.

आधी ढगांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समुद्रात आमच्या दोनशे दहा बिनमाणसांच्या होड्या फिरतात आणि खारं पाणी अतिशय बारीक करून वर उडवतात. पाणी वाटेतच सुकतं आणि मिठाचे कण उरतात, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. हे कण खालच्या थरातल्या ढगांत शिरतात. ढगात पाणी तेवढंच असतं, पण आता ते जास्त कणांवर वाटलं जातं, त्यामुळे थेंब लहान होतात आणि संख्येने वाढतात. लहान थेंबांचा ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. खाली समुद्र थोडा गार राहतो आणि किनाऱ्यापासून विदर्भापर्यंतचा उन्हाळा दीड-दोन अंशांनी कमी होतो. दीड अंश ऐकायला काहीच नाही. पण मागच्या वर्षी नऊ दिवस फवारे बंद पडले, तेव्हा त्या दीड अंशात चंद्रपूरकडे किती माणसं दगावली ते आकडे मी पाहिलेत.

आता अडचण. फवारा प्रमाणाबाहेर गेला तर समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक बिघडतो आणि मोसमी पाऊस वाट सोडतो. फवारा किती मारायचा हे संगणक ठरवतो, आणि तो आजवर चुकलेला नाही. पण करारावर सही करणाऱ्या अठरा देशांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि संगणकावर तर कुणाचाच नाही. म्हणून करारात एक कलम घातलं गेलं: चोवीस तास, एक क्षणही न सोडता, एका जिवंत आणि जाग्या माणसाच्या हातात मूठ असली पाहिजे. काही विपरीत दिसलं तर त्याने ती पिरगळायची, की फवारे बंद.

मूठ म्हणजे सायकलच्या हँडलएवढी एक दांडी, मागे जाड केबल. तिच्यात शहाणपण भरपूर. तळहाताचा घाम मोजते, बोटांची नैसर्गिक थरथर मोजते, आणि मधूनच एक हलकी टिचकी मारून बोटं किती लवकर आवळली जातात ते बघते. या सगळ्याचा मिळून शंभरातला एक आकडा भिंतीवर दिसतो. त्याला आम्ही ‘जाग’ म्हणतो. जाग चाळीसच्या खाली जाऊन नव्वद सेकंद तिथेच राहिली तर माणूस झोपला किंवा गेला असं धरून मूठ स्वतःच फवारे थांबवते. मग अठराही देशांच्या सह्या नव्याने लागतात. त्याचेच ते नऊ दिवस.

आणि माणसं झोपायची. म्हणजे डोळे उघडे ठेवून झोपायची. जिथे काहीच घडत नाही अशा जागी टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष अर्ध्या तासात ढासळू लागतं, हे मेंदूचे अभ्यासक शंभर वर्षं सांगत आलेत. आम्ही वैमानिक आणून पाहिले, कमांडो आणून पाहिले. एक बुद्धिबळपटू आणला, तो मनातल्या मनात डाव खेळत बसला आणि मुठीच्या टिचकीला त्याने उत्तरच दिलं नाही.

याच सुमारास जगभर एक हवा सुटली होती, की विज्ञानाने पृथ्वीची वाट लावली, आता अध्यात्मानेच ती दुरुस्त होईल. करार-समितीलाही ही हवा लागली. वरून आदेश आला: आध्यात्मिक साधकांना संधी द्या. पहिल्यांदा आले शून्यानंद महाराज, साठ शिष्य आणि चार कॅमेरे घेऊन. त्यांनी मूठ हाती घेतली, डोळे मिटले आणि अकराव्या मिनिटाला ते समाधीत गेले. जाग तीनवर आली. मूठ त्यांना मृत समजली आणि फवारे बंद झाले. ते नऊ दिवस ते हेच. त्यांच्या प्रवक्त्याने पत्रकार परिषदेत सांगितलं, की महाराजांची अवस्था मोजण्याची यंत्राची लायकी नाही. माझं मत असं होतं, की महाराजांनी लायकी नंतर दाखवावी, आधी डोळे उघडे ठेवावेत. ते मी बैठकीत बोलूनही दाखवलं, आणि त्याच भरात पुढचं वाक्य गेलं.

“आमच्या कुसवड्याला सप्त्यात सात दिवस वीणा खाली टेकवत नाहीत,” मी म्हणाले, “आणि तुमच्या कमांडोंना दोन तास मूठ धरवत नाही.”

डॉ. फाटक खुर्चीत पुढे सरकले. हे आमचे मेंदूतज्ज्ञ. आलेख दिसला की त्यांना भूक लागत नाही. “सात दिवस?” ते म्हणाले. “सलग? कोण धरतं?”

“गाव धरतं,” मी म्हणाले, आणि त्याच क्षणी मला पश्चात्ताप झाला.

*

कुसवडे पाटण तालुक्यात आहे. तिथला अखंड सप्ताह म्हणजे सात दिवस भजन, कीर्तन, जेवणावळी, आणि त्या सगळ्यात देवापुढे गळ्यात वीणा घालून उभा असलेला एक माणूस. दोन तासांनी दुसरा येतो. येणारा आधी उभ्या असलेल्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, मग देणारा त्याच्या पाया पडतो आणि जातो. याला पहारा म्हणतात. कुणाचा पहारा कधी, याची यादी देवळाच्या खांबाला चिकटवलेली असते आणि ती लावतात हणमंतमामा. त्यांनी एकेचाळीस वर्षांत वीणा एकदाही खाली टेकू दिलेली नाही.

फाटकांनी कुसवड्याला जाऊन मामांना विचारलं, यादी कोणत्या तत्त्वावर लावता?

“कोनाची म्हस कवा पिळायची, कोनाला बी.पी.ची गोळी कवा, आन कोन कोनाशी बोलत न्हाई,” मामा म्हणाले. “न्हाई बोलत त्यास्नी लांब लांब लावायचं. बस.”

या शेवटच्या कलमाखाली सगळ्यात वर दोन नावं होती. पोपट शेलार, म्हणजे माझे आबा, आणि जालिंदर शेलार, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, माझे काका. दोघं एकाच वर्षी, एकाच घरात जन्मले. मोठा कोण हे कुणालाच माहीत नाही, कारण शाळेत मास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख एक जून लावून टाकली. काकांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, चिंचोके मांडून गुणाकार शिकवला. मी इंजिनिअर झाले त्यात त्या चिंचोक्यांचा वाटा मोठा आहे.

माझ्या लग्नात हे सगळं संपलं. मानाचे आहेर चालले होते. पहिला मान काकांचा. आबांनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ती बसेना. काका दाबतात, टोपी वर येते. मांडव हसायला लागला. आबांना गप्प बसायला काय झालं होतं? पण ते म्हणाले, “डोस्कं मोठं झालंय त्याचं, टोपीचा काय दोष.” काका न जेवता उठून गेले. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून आबा काकांचा उल्लेख ‘खालच्या आळीचा’ असा करतात आणि काका आबांचा करतच नाहीत.

टोप्या मी आणल्या होत्या. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. साताऱ्याच्या दुकानात चाळीस टोप्या घ्यायच्या, मापं चाळीस जणांची कोण घेत बसणार, म्हणून मी पाहुण्यांच्या डोक्यांची सरासरी काढली आणि सगळ्या एकाच मापाच्या उचलल्या. गणित अचूक होतं.

*

चैत्रात कुसवड्याची चोवीस माणसं वेळसरला आली. पंधरा पुरुष, नऊ बायका. आबा एका गाडीतून, काका दुसऱ्या. जेवायला आबा पहिल्या पंगतीला, काका शेवटच्या. मधे मामांची यादी भिंतीसारखी उभी.

पहिला पहारा हणमंतमामांनी घेतला. दोन तासांत जाग एकदाही ऐंशीच्या खाली आली नाही. फाटकांनी यंत्र तपासायला पाठवलं. यंत्र ठीक होतं. महिना गेला, मूठ एकदाही थांबली नाही. जगभरातून तारीफ सुरू झाली, आणि तिच्या मागोमाग भांडण. एक पक्ष म्हणाला, हा नामाच्या स्पंदनांचा विजय आहे. दुसरा म्हणाला, हा हातसडीच्या तांदळाचा विजय आहे. शून्यानंद महाराजांनी कळवलं, की कुसवड्यावर त्यांनी दुरून कृपा केली होती. आणि करारातल्या सहा देशांनी आक्षेप घेतला, की हा धर्म आहे, आणि धर्माच्या हाती आमचे ढग देणार नाही.

म्हणून समितीने लेहतोबाईंना पाठवलं. बाई फिनलंडच्या, उंच, न हसणाऱ्या. त्यांची पद्धत सोपी होती. एकेक गोष्ट काढायची आणि जाग बघायची. नाम बंद केलं, जाग तशीच. गळ्यातल्या माळा काढून ठेवल्या, तशीच. भाकरी बंद करून सँडविच दिली, तेव्हा जाग दोनने उतरली आणि शिव्या दहाने वाढल्या. शेवटी बाई म्हणाल्या, ते पाया पडणं काढा.

त्या दिवशी जाग तासाभरात पन्नासवर आली. सगळ्यांचीच. दुसऱ्या दिवशी पाया पडण्याऐवजी हस्तांदोलन करून पाहिलं. वीस मिनिटं बरं चाललं, मग घसरगुंडी. लेहतोबाईंनीच घाईघाईने पाया पडणं परत सुरू करायला सांगितलं.

फाटकांनी मग रात्रंदिवस बसून जे शोधलं ते असं. दोन तासांच्या पहाऱ्यात पहिला पाऊण तास माणूस जागा असतो, कारण नुकतंच कुणीतरी त्याच्या पायाशी वाकलेलं असतं. माणूस कोणीही असो, तेवढ्या वेळापुरता तो मोठा झालेला असतो आणि मोठ्या माणसाला डुलकी काढायची लाज वाटते. शेवटचा पाऊण तास तो जागा असतो, कारण आता कुणीतरी येणार आहे आणि आपल्याला त्याच्या पाया पडायचंय. मधला अर्धा तास तेवढा कठीण, आणि त्या अर्ध्या तासाला हणमंतमामा चहा घेऊन येतात. यात स्पंदनं नव्हती की तांदूळ नव्हता. हणमंतमामा रोज सकाळी दहा वाजता आपल्या सुनेच्या, मंगलच्या पाया पडायचे, आणि मंगलची जाग सत्त्याण्णवच्या खाली कधी आली नाही.

“म्हणजे हे अध्यात्म नाही तर,” लेहतोबाई म्हणाल्या. मी ते मामांना मराठीत सांगितलं.

“मग अध्यात्म म्हंजी दुसरं काय असतंय?” मामांनी विचारलं. मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. त्या प्रश्नाला जागा नव्हती.

*

मेच्या मध्यावर मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साताऱ्याला गेले. जाताना मला म्हणाले, “चार दिस. यादीला हात लावू नगंस.” मी हो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी तिघांना ताप आला आणि यादीला हात लावावाच लागला.

फाटकांनी संगणकाकडून नवी यादी काढली. प्रत्येकाच्या शरीराचं घड्याळ, झोपेचे तास, रक्तदाब, सगळं जुळवून. अगदी सुबक यादी. तिच्यात बुधवारी सकाळी आठ ते दहा पोपट शेलार आणि दहा ते बारा जालिंदर शेलार असं आलं होतं.

ते माझ्या नजरेतून सुटलं, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. मी ते पाहिलं आणि सही केली. सत्तरीला आलेल्या दोन माणसांच्या टोपीच्या भांडणाभोवती अरबी समुद्राचं वेळापत्रक फिरवायचा मला कंटाळा आला होता. शिवाय मला वाटलं, वाकतील. जगासाठी नाही तर माझ्यासाठी.

बुधवारी दहाला पाच कमी असताना काका पाय धुऊन आले. चपला बाहेर ठेवल्या. आबांसमोर दोन हातांवर येऊन उभे राहिले आणि तिथेच थांबले. रीतीप्रमाणे येणाऱ्याने आधी वाकायचं. काका वाकले नाहीत. रीतीप्रमाणे देणाऱ्याने त्याशिवाय द्यायचं नाही. आबांनी दिली नाही. दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. दोघंही एकमेकांकडे बघत उभे.

“आबा, मूठ मंगलकडे द्या,” मी म्हणाले.

“नंबर मंगलचा न्हाई,” आबा म्हणाले.

“काका, तुम्ही बाहेर बसा जरा.”

“नंबर लागलाय माझा,” काका म्हणाले. “नंबर लागल्याव बसत न्हाईत.”

भिंतीवर जाग अठ्ठ्याण्णव होती. फाटक तिच्याकडे बघत उभे होते. बारा वाजले तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, “मॅडम, असा सपाट आलेख मी आयुष्यात पाहिला नाही. राग हे असं इंधन असेल तर कल्पना करा. प्रत्येक केंद्रावर दोन-दोन वैरी नेमायचे. जगात कशाचा तुटवडा आहे, वैऱ्यांचा तर नाही.” मी त्यांना जेवायला पाठवून दिलं.

लेहतोबाई एक वाजता आल्या. त्यांच्या पाहणीचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी त्यांचा अहवाल जाणार होता आणि त्यावर वेळसरचं केंद्र राहणार की जाणार हे ठरणार होतं. पाहणी चालू असताना मूठ थांबली, तर मग नऊ दिवसांचा प्रश्नच नव्हता, अख्खा उन्हाळा गेला असता. बाईंनी विचारलं, पाच तास एकच माणूस का? मी म्हणाले, परंपरा. त्यांनी लिहून घेतलं.

दोन वाजता मी काकांसाठी पाणी घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, “काका, टोप्या मी आणल्या होत्या. सरासरी काढून. चूक माझी होती.”

काका पाणी प्यायले. आबांवरची नजर काढली नाही. “ठाव हाय,” ते म्हणाले. “टोपीचं काय न्हाई गं वैजू. चार लोक हसले त्याचंबी काय न्हाई. त्यो हसला.”

आबांना ते ऐकू गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण भिंतीवरचा आकडा अठ्ठ्याण्णवचा एक्क्याण्णव झाला. चौदा वर्षं आम्हा घरच्यांना जे कळलं नव्हतं ते त्या दांडीला कळलं, याचा मला फार राग आला.

तीननंतर आकडा उतरायला लागला. आबांना उभं राहून सात तास झाले होते. एका पायावरचा भार ते दुसऱ्या पायावर टाकत होते. पंच्याहत्तर. सदुसष्ट. मी खुर्ची आणली, त्यांनी मान हलवली. मी हात जोडले, तरी मान हलवली. अठ्ठावन्न. लेहतोबाईंनी पेन खाली ठेवलं. फाटक जेवून आले होते आणि आता त्यांनाही वैऱ्यांची योजना सुचत नव्हती. मला एकाच वेळी चंद्रपूर दिसत होतं आणि माझ्या बापाचे पाय. दोन्हींवर मी सही केली होती.

चार वाजायला आले तेव्हा आकडा एकोणपन्नास होता. काका आबांच्या गुडघ्यांकडे बघत होते. मग चौदा वर्षांत पहिल्यांदा ते आबांशी बोलले.

“दे आता.”

“नंबर तुझाच हाय,” आबा म्हणाले. “घेनाराची रीत ठाव हाय न्हवं.”

“वाकता येत न्हाई मला. बाकीचे हाताला धरत्यात, तवा जमतंय. गुडघा...”

“उजवा,” आबा म्हणाले. “साताऱ्याला बदलला. दिवाळीला दोन वर्सं हुतील.”

“कुनी सांगितलं?”

“सांगतंय कोन. तीन दिस दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून व्हतो. तुला चालवत भायेर आनला, तवा उठून गेलो.”

त्या तीन दिवसांत आबा कराडला खत आणायला गेले होते, असं आईने मला फोनवर सांगितलं होतं. चव्वेचाळीस. एक्केचाळीस.

“मग वाक म्हनतोस कशापायी?” काकांनी विचारलं.

“वाक कुठं म्हनलं मी? सा तास नुसता हुबा हायेस म्होरं. हाक तरी मार.”

भिंतीवर एकोणचाळीस आलं आणि त्याच्या खाली लाल अक्षरांत नव्वद सेकंद मोजायला सुरुवात झाली. ऐंशी. सत्तर. मंगल दाराशी उभी राहून पदर तोंडात धरून होती. साठ. लेहतोबाईंनी माझा दंड धरला, आणि त्या धरणाऱ्यांतल्या नव्हेत. काकांचे ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता. चौदा वर्षं ज्या नावाचा उच्चार केला नाही ते जिभेवर यायला माणसाला किती सेकंद लागतात, याचा अभ्यास कुणी केलेला नाही. चाळीस. तीस.

“पोप्या,” काका म्हणाले.

आकडा शंभरावर गेला. यंत्राला शंभर दाखवता येतं हे फाटकांनाही माहीत नव्हतं.

मग आबाच वाकले. मूठ उजव्या हातात घट्ट, डावा हात काकांच्या पायाला. सात-आठ तास उभा राहिलेला माणूस, वाकले ते उठता येईना. काकांनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्याने मूठ घेतली. काही क्षण दोघांचेही हात तिच्यावर होते आणि भिंतीवर कुणाची जाग म्हणायची हे यंत्राला ठरवता येत नव्हतं. लेहतोबाईंनी विचारलं, देणारा आधी वाकला, हे नियमात बसतं का? मी रडत होते, त्यामुळे उत्तर मंगलने दिलं. ती मराठीत म्हणाली, “बसतंय बाई, समदं बसतंय.” ते बाईंना भाषांतराशिवाय कळलं.

आबांना आम्ही भिंतीशी सतरंजीवर बसवलं. पाय चोळले, चहा दिला. बाई फॉर्म घेऊन त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. एक रकाना राहिला होता: सहा तास जादा पहाऱ्यात मूठधारकाचं लक्ष कशावर केंद्रित होतं? फाटक कान टवकारून उभे. त्यांना ‘राग’ हे उत्तर हवं होतं. मी आबांना विचारलं.

आबांनी चहा फुंकला. “त्याच्याकडं बगत व्हतो,” ते म्हणाले. “चौदा वर्सं तोंड फिरवून गेलो, नीट बगितलंच न्हवतं. लय वाळलाय गं. आन म्हातारा झालाय.”

मी ते भाषांतर केलं. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि मग मला विचारलं, की हे निरीक्षण विज्ञानाच्या पानावर टाकायचं की अध्यात्माच्या. मी म्हणाले, पानं एकमेकांना टाचून द्या.

तोवर आबा भिंतीला धरून उठले होते. मी अडवायच्या आत ते अनवाणी पावलांनी काकांसमोर जाऊन उभे राहिले. मी पुन्हा तीच खुर्ची पुढे केली. ती त्यांनी काकांच्या मागे सरकवली.

“म्होरचा नंबर मंगलचा हाय,” काका बसत म्हणाले.

“असू दे,” आबा म्हणाले. “तिचा नंबर येस्तवर हुबा ऱ्हातो.”